‘झालं’ लिहिलेला डबा: डिस्क रिप करताना काय ठेवलं, काय टाकलं

सांगलीच्या गावभागात काकांचं तळमजल्याचं घर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी त्यात शिरलं आणि चार दिवस मुक्कामाला राहिलं. सांगलीकर पूर फुटांत मोजतात, आयर्विन पुलाजवळचा. तिथे ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि त्या वर्षी पाण्याने ती केव्हाच मागे टाकली होती. घरातलं काय काय गेलं याची यादी मोठी आहे. इथे मुद्दा शोकेसच्या खालच्या दोन कप्प्यांपुरता. तिथे काकांच्या डिस्क होत्या: नाटकांच्या व्हीसीडी, सिनेमांच्या डीव्हीडी, ताईने अमेरिकेहून येताना आणलेल्या दोन-चार.

काकूंनी एकेक डिस्क भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात धुतली आणि जुन्या साडीवर वाळत घातली. पॉलिकार्बोनेटचं पाण्याने फारसं बिघडत नाही. पुसताना गोल फिरवायचं नाही, मधून कडेकडे पुसायचं, एवढं पथ्य. डिस्क वाचल्या. कव्हरांचा मात्र लगदा झाला, आणि त्याची खरी किंमत मला चार वर्षांनी कळली. कव्हराच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं: भाषा कोणत्या, सबटायटल कोणती, लांबी किती, ‘विशेष’ म्हणून आणखी काय. ती पाठच नसली की आत काय आहे ते डिस्कलाच विचारावं लागतं. आणि डिस्क बिनदिक्कत खोटं बोलते.

२०२३ च्या दिवाळीत ताईने या डिस्क रिप करायचं, म्हणजे आतला ऐवज फाइली करून उतरवायचं, काम माझ्या गळ्यात घातलं. ताई म्हणजे माझी चुलतबहीण, बेंगळुरूला असते. काकांचा प्लेअर बंद पडला होता आणि दुरुस्त करणारा माणूस फोन उचलत नव्हता. “सगळं एका हार्ड डिस्कवर घाल आणि टीव्हीला लावून दे, तुला येतं ना ते,” इतकीच सूचना. मोजल्या तर १४३ भरल्या: ६१ व्हीसीडी, ५८ विकतच्या डीव्हीडी, ९ ब्लू-रे आणि १५ घरगुती. घरगुती म्हणजे मुंज, लग्न आणि काकांच्या हौशी नाट्यसंस्थेचे स्पर्धेतले प्रयोग.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. डिस्क काकांनी विकत घेतलेल्या, प्रती घरात बघायला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ डिजिटल कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, पण त्यात हक्कभंगाच्या हेतूची अट आहे. हा हेतू मी शब्दशः घेतला. म्हणून भाच्याने “होस्टेलवर सगळ्यांना देतो” म्हणत पुढे केलेला पेन ड्राइव्ह रिकामाच परत दिला.

बघणारी माणसं तीन

काका ७८ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, दोन्ही कानांना यंत्र. पडद्याखाली इंग्रजी ओळ असली तर मराठी सिनेमासुद्धा त्यांना पुरता कळतो, नसली तर अर्धा. काकू भजनी मंडळात गातात. रिमोटची बाण आणि ओके सोडून बाकीची बटणं त्यांच्या लेखी शोभेची आहेत, आणि इंग्रजी सिनेमा त्या हिंदीतच बघतात. तिसरा भाचा, ताईचा मुलगा. तो पुण्यात फिल्म शिकतो आणि त्याचं म्हणणं उलटंच होतं: “मामा, सिनेमा कुठेही मिळतो. डिस्कवरचं बाकीचं मिळत नाही.”

तेव्हा मला हे वयाचं बोलणं वाटलं. मी माझा नियम लावला: मुख्य चित्र, मूळ भाषा, इंग्रजी सबटायटल, बाकी सगळं उडवायचं. हिंदी डब असेल तर काकूंसाठी तेवढा अपवाद.

पहिली फेरी

दिवाळीच्या चार दिवसांत ३७ डिस्क उरकल्या, २२ डीव्हीडी आणि १५ व्हीसीडी. डीव्हीडींसाठी मेकएमकेव्ही वापरलं. ते डिस्कवरची टायटलं, म्हणजे चित्राचे सलग तुकडे, वाचून दाखवतं, प्रत्येक टायटलखाली आवाजाच्या आणि सबटायटलच्या ट्रॅकची यादी देतं, हव्या त्या चौकोनात खूण करायची, आणि आतला ऐवज जशाच्या तसा एमकेव्ही फाइलमध्ये उतरतो. चित्र पुन्हा दाबून लहान केलं जात नाही. व्हीसीडी ते वाचत नाही, म्हणून त्या हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एन्कोड केल्या, म्हणजे नव्याने दाबून उतरवल्या, आणि आवाज मोनो करून टाकला. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, नाटकाचं चित्रीकरण एका कॅमेऱ्याचं. त्याला कसला आलाय स्टिरिओ, असा माझा हिशेब.

डोक्यात सतत जागा होती. कमी ट्रॅक म्हणजे लहान फाइल. हा समज मी तेव्हाच कागदावर तपासायला हवा होता, कारण गणित पाचवीतलं आहे. डीव्हीडीवर दिग्दर्शकाच्या गप्पांचा ट्रॅक, म्हणजे सिनेमा चालू असताना तो त्यावर बोलतो तो, बहुधा सेकंदाला १९२ किलोबिटचा असतो. दोन तासांचा म्हणजे सुमारे १७३ एमबी. ४४८ किलोबिटचा सहा वाहिन्यांचा, म्हणजे सहा स्पीकरांसाठी वेगळा केलेला, डॉल्बी आवाजाचा ट्रॅक दोन तासांना ४०३ एमबी. सबटायटल तर काही एमबींत संपतात. खरी जागा चित्र खातं, साडेचार-पाच जीबी. म्हणजे गप्पांचा ट्रॅक उडवून मी एक टीबीच्या डिस्कवर वाचवत होतो ते एक टक्क्याच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. त्यासाठी चौकोनातल्या खुणा काढत रात्री दीडपर्यंत बसलो होतो.

ब्लू-रेचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल. डीव्हीडीवर ट्रॅक कापून जागा वाचत नाही. वाचतो तो बघणाऱ्याचा मनस्ताप. काकूंनी ओके दाबलं आणि पडद्यावरचा माणूस थाई बोलायला लागला, तर त्या टीव्ही बंद करून ज्ञानेश्वरी घेऊन बसतात. कापायचं कारण एवढंच, आणि ते पुरेसं आहे. पण मग कापायची ती काकूंची प्रत. मूळ प्रतीला हात लावायची गरजच नव्हती.

झालेल्या डिस्क मी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवत गेलो, डब्यावर मार्करने मोठ्ठं ‘झालं’ लिहिलं आणि पुण्याला परतलो.

काकूंची तक्रार आणि काकांचा प्रश्न

पहिला फोन आठवड्याभरात काकूंचा आला. त्यांच्याकडे भावगीतांच्या कॅराओकेच्या दोन व्हीसीडी होत्या, मंडळाच्या सरावासाठी. “अरे, त्या गाण्यातली बाई जात नाही.” म्हणजे? “पूर्वी बटण दाबलं की ती गप्प बसायची आणि मी गायचे. आता ती अर्धी राहते. ना धड गाते, ना धड गप्प बसते.”

तक्रार तांत्रिकदृष्ट्या इतकी अचूक होती की मला खुर्चीत बसावं लागलं. व्हीसीडीवर आवाजाच्या दोन वाहिन्या असतात, आणि कॅराओकेच्या डिस्कवर त्या दोन कामांना लावतात: डावीकडे गायिकेसह गाणं, उजवीकडे नुसती वाद्यं, किंवा याच्या उलट. प्लेअरच्या रिमोटवर डावं-उजवं बदलायचं बटण असायचं, काकू म्हणत होत्या ते हेच. मी मोनो केलं म्हणजे दोन्ही एकत्र कालवलं. वाद्यं दोन्हीकडे असल्याने ती पूर्ण राहिली, बाई एकाच बाजूला असल्याने अर्धी झाली.

या युक्तीला जुना वारसा आहे. दिग्दर्शक किंवा जाणकार चित्रावर बोलतो आहे असा पहिला ट्रॅक निघाला तो १९८४ मध्ये, क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने काढलेल्या ‘किंग काँग’च्या लेझरडिस्कवर, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या डिस्कवर. चित्रपट १९३३ चा, मोनो. लेझरडिस्कवर वाहिन्या दोन. एक मोकळीच होती, तिच्यात रोनाल्ड हेव्हर हे चित्रपट-अभ्यासक बसले आणि बोलले. भाच्याला हव्या असलेल्या गप्पा आणि काकूंची गप्प बसणारी बाई, दोघांचं मूळ रिकाम्या वाहिनीत आहे. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदाच माझं बोलणं वहीत लिहून घेतलं.

कॅराओकेच्या डिस्क सुदैवाने काकूंनी हार्मोनियमच्या पेटीशेजारी ठेवल्या होत्या. त्या मागवून घेतल्या, दोन्ही वाहिन्या वेगळ्या केल्या आणि एकाच फाइलमध्ये दोन ट्रॅक केले: ‘बाईसह’ आणि ‘बाईशिवाय’. नावं काकूंनी दिलेली.

दुसरा फोन डिसेंबरात काकांचा. ते फोनवर मोठ्याने आणि थोडक्यात बोलतात. “नांदी कुठाय?”

एका संगीत नाटकाची डीव्हीडी. मी उतरवलेली फाइल थेट पहिल्या प्रवेशापासून सुरू होत होती. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे पहिलं मराठी नाटक केलं त्या गावात, संगीत नाटकाच्या फाइलला नांदी नाही. काकांचा सूर असा होता की मी देवघरातला गणपती उचलून माळ्यावर टाकला आहे.

मी लॉग उघडला. मेकएमकेव्ही डिस्क वाचताना काय घेतलं आणि काय सोडलं याची ओळन् ओळ लिहितं, आणि मी ती फाइल कधी वाचली नव्हती. टायटलची किमान लांबी तिथे मुळातच १२० सेकंद ठरवून ठेवलेली असते. त्याहून लहान असेल ते यादीत दिसतसुद्धा नाही. कारण व्यवहाराचं आहे, डिस्कवर कंपनीचं बोधचिन्ह, पायरसीची ताकीद, मेनूच्या मागची हलती चित्रं असे पाच-दहा सेकंदांचे बरेच तुकडे असतात. या नाटकाची डिस्क बनवणाऱ्याने नांदी वेगळं टायटल करून ठेवली होती. लांबी १०८ सेकंद. बारा सेकंदांनी हुकली.

“डिस्क डब्यातून काढून कुरिअर करा,” मी म्हणालो. फोनवर थोडा वेळ शांतता. मग मागून काकूंचा आवाज, “कुठला डबा? ‘झालं’ लिहिलेला? तो तर दिला भंगारवाल्याला. झालं म्हणालास ना.”

काकूंची काही चूक नाही. मराठीत झालं म्हणजे झालं.

३७ पैकी कॅराओकेच्या दोन वाचल्या, ३५ गेल्या. मग मी बावीसही डीव्हीडींचे लॉग वाचून काढले. वगळलेली टायटलं एकूण ६४ होती. ५१ तर वीस सेकंदांच्या आतली, ती बोधचिन्हं आणि ताकिदी असणार. आठ मधली. एक मिनिट ते दोन मिनिटं या पट्ट्यात पाच, त्यात एक नांदी. उरलेली चार काय होती ते कळायला आता मार्ग नाही.

दुसरी फेरी

जानेवारीत पुन्हा सांगली. या वेळी क्रम उलटा केला: आधी प्रत्येक डिस्कची अख्खी प्रत, मेनूसकट, एका हार्ड डिस्कवर. मग त्या प्रतीतून कापून दुसऱ्या हार्ड डिस्कवर बघायची फाइल. किमान लांबी शून्य. आणि कुठलाही ट्रॅक उडवण्याआधी तो तीन ठिकाणी अर्धा-अर्धा मिनिट ऐकायचा: सुरुवातीला, मध्ये, शेवटाकडे. तीन ठिकाणी कशाला, तर एका डिस्कवर गप्पांचा ट्रॅक पहिली चार मिनिटं नुसता सिनेमाचाच आवाज देत होता. बोलणारा श्रेयनामावली संपल्यावर बोलायला लागला. सुरुवात ऐकून मी त्याला जुळा ट्रॅक समजून उडवलाच असता.

ऐकण्याला पर्याय नाही, कारण पाट्यांवर भरवसा ठेवता येत नाही. डीव्हीडीच्या रचनेत आवाजाचे आठ आणि सबटायटलचे बत्तीस ट्रॅक बसतात, आणि प्रत्येकाला भाषेची दोन अक्षरी पाटी असते. इतकंच काय, ‘साधा’, ‘अंधांसाठी’, ‘दिग्दर्शकाचं भाष्य’ असं सांगायलाही वेगळा रकाना ठेवलेला आहे. पण रकाना भरायचा तो डिस्क बनवणाऱ्याने. काकांच्या मराठी डीव्हीडींपैकी निम्म्याहून अधिकांवर आवाजाची पाटी इंग्रजी होती, काहींवर हिंदी, काही कोऱ्याच. मराठी अशी पाटी अकरांवर. ‘फक्त मराठी घे’ असा नियम सॉफ्टवेअरला घातला असता तर त्याने बहुतेक मराठी नाटकं मुकी उतरवली असती. बघायच्या प्रतीत या सगळ्या पाट्या मी एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त केल्या, नावं देवनागरीत दिली. टीव्हीच्या यादीत ‘मराठी’ असं दिसायला लागल्यावर काकू म्हणाल्या, “बघ, आता कसं माणसासारखं.”

काकांच्या कानांचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला. माझी पहिली समजूत अशी की सहा वाहिन्यांचा ट्रॅक श्रीमंत, दोनचा गरीब, श्रीमंत ठेवावा. काकांना नेमक्या त्याच फाइलींत संवाद कळेनात. सहा वाहिन्यांत संवाद मधल्या एका वाहिनीत असतात, आणि संगीत, गर्दी, पाऊस बाकीच्यांत पसरलेले. टीव्हीला दोनच स्पीकर, तेही पाठीमागे भिंतीकडे तोंड करून. टीव्ही सगळं दोनात कालवतो तेव्हा मधली वाहिनी दबते आणि पाऊस वर येतो. ज्या डिस्कवर दोन वाहिन्यांचा वेगळा ट्रॅक होता तिथे तो पहिला लावला. तो स्टुडिओत माणसाने तोलून केलेला असतो, टीव्हीने घाईत कालवलेला नाही. जिथे नव्हता तिथे मधली वाहिनी वाढवून, बाकीच्या कमी करून मी नवा ट्रॅक बनवला आणि त्याला ‘काका’ असं नाव दिलं. हे काम फक्त १४ सिनेमांचं केलं, काकांनी बोट ठेवलेल्या. सगळ्यांचं करायची माझी छाती नव्हती.

ट्रॅकचा क्रमही महत्त्वाचा निघाला. फाइलमध्ये ‘हा आपोआप लाव’ अशी खूण ठेवता येते, पण काकांचा टीव्ही त्या खुणेला जुमानत नाही. पहिला दिसेल तो लावतो. डीटीएस हा डॉल्बीसारखाच आवाजाचा दुसरा प्रकार तर त्याला वाजवताच येत नाही, चित्र मुकं चालतं. म्हणून पहिला नेहमी डॉल्बी, दोन वाहिन्यांचा, घरात लागणाऱ्या भाषेतला. टीव्ही घ्यायच्या आधी दुकानात हे विचारलं तर विक्रेता आपल्याकडे कौतुकाने बघतो आणि वॉरंटीबद्दल बोलायला लागतो.

सबटायटलचं दुखणं निराळं. डिस्कवरची सबटायटल म्हणजे अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात. संगणकावर व्हीएलसी ती बिनतक्रार दाखवतो. काकांच्या टीव्हीला ती दिसलीच नाहीत. म्हणून सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरने चित्रांवरून अक्षरं ओळखून साधी मजकूर-फाइल करायची. तिला इंग्रजीतलं मोठं ‘आय’ आणि छोटं ‘एल’ यांतला फरक कळत नाही, त्यामुळे एका सिनेमाला वीसेक मिनिटं हाताने दुरुस्ती. फायदा असा की अक्षरं आता टीव्हीवरून मोठी करता येतात. डीव्हीडीच्या चित्रांत ते शक्य नव्हतं. काकांनी अक्षरं इतकी मोठी केली आहेत की नटाची हनुवटी दिसत नाही. त्यांचं घर, त्यांचा टीव्ही.

एक ट्रॅक मात्र मी जवळपास फेकलाच होता. एका इंग्रजी ब्लू-रेवर इंग्रजी सबटायटलचे दोन ट्रॅक होते, एक भरगच्च आणि एक जेमतेम तीसेक ओळींचा. जेमतेम म्हणजे खराब, असं वाटून त्यावरची खूण काढली. संध्याकाळी काकू हिंदी डब बघत बसल्या. मध्ये एक प्रसंग आला जिथे पात्रं तिसऱ्याच भाषेत बोलतात, आणि काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मूळ डिस्कवर तेवढ्याच प्रसंगात खाली ओळी आपोआप उमटतात, सबटायटल बंद असली तरी. त्या तीस ओळी म्हणजे तोच ट्रॅक. त्यावर ‘सक्तीचा’ अशी खूण असते, निदान असायला हवी. या डिस्कवर होती. मी न बघता उडवली. आता ओळींची संख्या कमी दिसली की आधी ते प्रसंग उघडून बघतो.

ब्लू-रे नऊच होत्या, पण निवडीला खरा अर्थ तिथे होता. दोन तासांच्या सिनेमाचा काहीही न गमावलेला आवाज तीन-चार जीबी घेतो. त्याच्या पोटात असलेली डीटीएसची हलकी आवृत्ती १.३६ जीबी; ६४० किलोबिटचा डॉल्बी ५७६ एमबी. शिवाय दोन-चार डब. बघायच्या प्रतीत इंग्रजी आणि हिंदी डॉल्बी ठेवले, बाकी सगळं मूळ प्रतीवर सोडलं. भाचा हेडफोन घेऊन येईल तेव्हा त्याचं तो बघेल.

भाच्याचा वाटा

एक्स्ट्रांच्या, म्हणजे सिनेमाखेरीज डिस्कवर असलेल्या मजकुराच्या, बाबतीत मी भाच्यालाच समोर बसवलं. ताईने अमेरिकेहून आणलेल्यांत एका सिनेमाची रीजन १ ची डीव्हीडी होती, दिग्दर्शकाच्या भाष्यासह (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते रीजनचा क्रमांक ठरवतो). त्याच सिनेमाची भारतात घेतलेली रीजन ५ ची प्रतही काकांकडे होती, भाष्याशिवाय, पण हिंदी डब असलेली. भाचा म्हणाला, दोन्ही एकत्र करून टाक. मलाही मोह झाला. पण इथली प्रत पाल पद्धतीची, सेकंदाला २५ चित्रांची. सिनेमा मुळात २४ चा, म्हणजे इथे तो चार टक्के वेगाने पळतो आणि दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. भाष्य त्यावर चिकटवलं तर शेवटाकडे दिग्दर्शक पावणेपाच मिनिटं जुन्या प्रसंगाबद्दल बोलत बसेल. आवाज ताणून-आवळून जुळवता येतो, पण त्यासाठी तो पुन्हा एन्कोड करावा लागतो आणि नीट करायचं तर सुराचंही बघावं लागतं. दोन वेगळ्या फाइली ठेवल्या. रीजन बदलताना ड्राइव्हने ताकीद दिली ती खरी मानायची: असं पाचदाच करता येतं, मग तो शेवटच्या रीजनवर कायमचा अडकतो.

मालिकांच्या डिस्कवर मेकएमकेव्ही मला एक अडीच तासांचं टायटल आणि सहा पंचवीस मिनिटांची दाखवत होतं. बेरीज केली तर डिस्कच्या साडेआठ जीबींपेक्षा जास्त. डिस्कवर मजकूर एकदाच असतो. ‘सगळं लाव’ आणि ‘भाग १’ ही नुसती त्याच मजकुराकडे बोट दाखवणारी नावं. उतरवताना मात्र दोन्ही खुणा केल्या तर सगळं दुप्पट होतं. सुटे भाग ठेवले.

मग राहिल्या जाहिराती. नाटकांच्या व्हीसीडींत पहिल्या डिस्कच्या सुरुवातीला त्याच कंपनीच्या इतर नाटकांच्या झलका असतात, प्रत्येकी चाळीस-पन्नास सेकंद. मी कात्री काढली होती. काका शेजारी बसून बघत होते. एका झलकेत त्यांना त्यांच्या संस्थेतला एक जुना सहकारी दिसला, बाजूला ट्रे घेऊन उभा. “थांब. मागे घे.” मागे घेतलं. पुन्हा मागे घेतलं. त्या नाटकाची डिस्क आमच्याकडे नाही, बाजारातही दिसली नाही. आमच्यापुरता तो माणूस त्या झलकेतच आहे. झलका सगळ्या ठेवल्या, वेगळ्या फोल्डरमध्ये. पायरसीच्या ताकिदी बघायच्या प्रतीतून गेल्या. त्यांच्या वतीने भांडायला कोणी आलं नाही.

मेनूंचंही तसंच. काही नाटकांच्या डीव्हीडीवर कलाकारांची माहिती, प्रयोगाची तारीख, नेपथ्य कोणाचं, हे मेनूतल्या स्थिर पानांवर आहे. ती पानं टायटलमध्ये येतच नाहीत, एमकेव्हीत उतरत नाहीत. कव्हरं पुरात गेल्यावर ही माहिती तेवढ्या एकाच जागी उरली होती. अख्खी प्रत आहे म्हणून ती आता आहे.

व्हीसीडी या वेळी एन्कोड केल्या नाहीत. व्हीसीडीवर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला १३७४ किलोबिट. अडीच तासांचं नाटक दीड जीबीत बसतं, आणखी दाबून काय मिळवायचं? मुळातच मऊ असलेलं चित्र दाबलं की रंगमंचाचा काळा पडदा मुंग्या लागल्यासारखा वळवळतो. तीन डिस्कचं नाटक एका फाइलमध्ये जोडलं. ओरखडे पडलेल्या ठिकाणी साध्या कॉपीने हात टेकले, कारण व्हीसीडीचा मजकूर ज्या सेक्टरांत असतो त्यांत चूक सुधारण्याचा शेवटचा थर जागा वाचवायला काढून टाकलेला आहे. आयसोबस्टर या सॉफ्टवेअरने वाचता न येणारे तुकडे कोरे सोडून पुढे नेलं. पडद्यावर क्षणभर चौकोन दिसतात आणि नाटक चालू राहतं.

घरगुती पंधरांत निवडीचा प्रश्नच नव्हता, सगळं ठेवायचं. प्रश्न वाचण्याचा होता. छापलेल्या डिस्क पुरातून तरल्या, पण ड्राइव्हमध्ये लिहिलेल्या (बर्न केलेल्या) डिस्कमध्ये मजकूर रंगाच्या थरात असतो आणि तो थर पुराआधीच थकलेला असावा. सहा नीट वाचेनात. माझ्या लॅपटॉपच्या नव्या बारीक ड्राइव्हने नकार दिला, काकांच्या जुन्या डेस्कटॉपमधल्या ड्राइव्हने डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरच्या मदतीने चार पूर्ण वाचल्या, दोन अर्धवट. मुंजीच्या डिस्कमध्ये पंगतीचं चाळीस मिनिटांचं चित्रण आहे. दुकानदाराने त्यावर सिनेमाची गाणी घातली आहेत, कोणी काही बोलत नाही, नुसतं वाढणं आणि जेवणं. मी मनात त्याला कंटाळवाणं म्हणून टाकलं होतं. काकूंची आई त्यात वाढते आहे. काकू सगळ्यात जास्त वेळा लावतात ती फाइल हीच.

आज स्थिती अशी. १०६ शिल्लक डिस्क आणि कॅराओकेच्या दोन यांच्या अख्ख्या प्रती एका हार्ड डिस्कवर, ७०० जीबींच्या आसपास. ती ताईकडे बेंगळुरूला आहे, कृष्णेपासून लांब. तिची आणखी एक प्रत माझ्याकडे. बघायची डिस्क काकांच्या टीव्हीमागे. डिस्क पुन्हा शोकेसमध्ये गेल्या, या वेळी वरच्या कप्प्यात, आणि त्यांच्या डब्यांवर मी काहीही लिहिलेलं नाही.

गेलेल्या पस्तिसांच्या बघायच्या फाइली आहेत, जशा कापल्या तशा. संगीत नाटकाच्या फोल्डरमध्ये नाटकाच्या फाइलशेजारी मी ती लॉगची फाइलही ठेवली आहे. भाच्याने विचारलं, ही कशाला. त्यात एक ओळ आहे: टायटल क्रमांक ३, लांबी १०८ सेकंद, किमान लांबीपेक्षा कमी, म्हणून वगळलं. काका हे नाटक लावतात तेव्हा रिमोटवर आधी विराम दाबतात, डोळे मिटून स्वतःच नांदी म्हणतात, आणि मग पुढे सोडतात. मी एकदा घड्याळ लावलं. त्यांना दोन मिनिटं दहा सेकंद लागतात.